उथळ पाण्याला खळखळाट फार… आणि खळखळाट नसलेल्या पाण्याचं काय?



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की मी चौथीच्या मुलांना दरवर्षी एकच विषय देते, 'मी सुट्टीत काय केलं'. यंदाच्या वह्या तपासताना एका मुलाचं लिखाण वाचलं. तो मामाच्या कुटुंबाबरोबर कोकणात गेला होता, किनाऱ्यावर तंबूत राहिला होता. त्याने लिहिलं होतं, 'लाटा खूप होत्या. पण एका जागी लाटाच नव्हत्या. तिथे पाणी शांत होते. मी आणि दादा तिथेच पोहलो. मग पाय टेकेना. मग मामाने ओढून आणले. मग आम्ही भजी खाल्ली.'

मी खाली लाल पेनाने 'छान' लिहिलं, एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त केली आणि पुढची वही घेतली. दोन वह्या तपासून झाल्यावर हात थांबला. परत ती वही काढली. हा मुलगा वाचला होता आणि मी त्याला 'छान' म्हणत होते!

त्याच आठवड्यात मी वर्गात म्हणी शिकवल्या होत्या. 'उथळ पाण्याला खळखळाट फार.' अर्थ काय, तर ज्याला कमी ज्ञान असतं तो जास्त बडबड करतो. मुलांनी अर्थ पाठ केला, वाक्यात उपयोग केला. पण ही म्हण आधी खरोखरच्या पाण्याबद्दल आहे, हे ना मी सांगितलं, ना कुणी विचारलं. जिथं आवाज आहे तिथं पाणी उथळ. मग जिथं आवाज नाही तिथं?

आमची शाळा मुळशी तालुक्यात, लवासाकडे जाणाऱ्या डोंगरात आहे. टेमघर धरणावरून घाट चढून लवासात उतरलं की समोर जे पाणी दिसतं, ज्याला पर्यटक 'लेक' म्हणतात, तो वरसगाव धरणाचा फुगवटा. मोसे नदीवरचं हे धरण. त्याचं कागदोपत्री नाव वीर बाजी पासलकर जलाशय, क्षमता सुमारे १२.८ टीएमसी. माझ्या वर्गातल्या कुणाचे वडील तिथल्या हॉटेलात कामाला आहेत, कुणाचे गाडी चालवतात, कुणाच्या काकांनी पाण्याकडेला तंबू लावून राहायची सोय केली आहे. आमच्या मुलांना पाण्याचं भय नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली मुलं आहेत ही. घरच्यांनाही वाटतं, आमच्या पोराला पोहता येतं, मग काळजी कसली?

काळजी अशी की विहीर, धरण आणि समुद्र ही तीन वेगळी पाणी आहेत. एकात पोहता आलं म्हणजे तिन्हीत आलं असं होत नाही. आणि ताम्हिणी घाट उतरून निजामपूर-माणगाव गाठलं की तिथून दिवेआगर, श्रीवर्धन फार लांब नाही. तेच मूल शनिवारी धरणात डुंबतं आणि पुढच्या सुट्टीत समुद्रात उतरतं, त्याच भरवशावर.

आधी समुद्राचं बघू, कारण त्या वहीतलं कोडं तिथलं आहे. काही ठिकाणी लाटा फुटत होत्या आणि एका पट्ट्यात फुटत नव्हत्या. असं का?

लाट खोल पाण्यातून येते तेव्हा ती नुसता उंचवटा असते. किनाऱ्याजवळ तळ वर येतो, लाटेचा खालचा भाग तळाला अडखळून मंदावतो, वरचा भाग पुढं धावतो आणि लाट कोसळते. साधारणपणे लाटेची उंची आणि पाण्याची खोली जवळपास सारखी झाली की ती फुटते. म्हणजे पांढरा फेस दिसतो तिथं खाली वाळूचा उंचवटा आहे, पाणी उथळ आहे. आपली म्हण इथं अक्षरशः खरी ठरते. आणि दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये जो गडद, गुळगुळीत पट्टा दिसतो तिथं लाट फुटत नाही, कारण तिथं तळाशी खोल चर आहे.

आता दुसरी गोष्ट. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते पाणी परत तर गेलंच पाहिजे. मुलांना हे समजावताना मी आमच्या शाळेचंच उदाहरण दिलं. पाऊस आला की मैदानावरची पोरं व्हरांड्यात कुठूनही उड्या मारून चढतात, सगळ्या बाजूंनी. पण शाळा सुटली की बाहेर जाताना मात्र एकाच फाटकातून. मग फाटकात काय होतं? "ढकलाढकली!" सगळा वर्ग ओरडला. समुद्राचं फाटक म्हणजे तो चर. पूर्ण किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या अरुंद वाटेने जोरात आत परत जातं. किनाऱ्यावरचे जीवरक्षक याला रिप करंट म्हणतात. आपण परतीचा प्रवाह म्हणू. तो जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. शर्यतीतले जगातले सर्वांत वेगवान पोहणारेसुद्धा साधारण त्याच वेगाने पोहतात. तिथं विहिरीत शिकलेल्या दहा वर्षांच्या मुलाचं काय चालणार?

म्हणजे नवख्या माणसाला जी जागा सगळ्यात सुरक्षित वाटते तीच सगळ्यात धोक्याची असते. आईवडीलही म्हणतात, "बाळा, तिकडे लाटा मोठ्या आहेत, इकडे ये, इकडे शांत आहे." मीही म्हटलं असतं.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत ओढतो. हा फरक मुलांच्या मनात पक्का बसला पाहिजे. माणूस बुडतो तो बहुतेक वेळा दमून. किनारा समोर दिसतो, म्हणून तो प्रवाहाच्या विरुद्ध जीव तोडून हात मारतो आणि जागेवरच राहतो. त्याऐवजी उताणं होऊन तरंगायचं, एक हात वर करून हलवायचा, श्वास सांभाळायचा. प्रवाहाचा पट्टा सहसा फार रुंद नसतो आणि आत गेल्यावर त्याचा जोर ओसरतो. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत जिथं लाटा फुटताहेत तिकडे सरकायचं आणि मग बाहेर यायचं. अर्थात हे वाचून कुणी 'मग लाटांतच उतरू' असं समजू नका. मोठी लाटही लहान मुलाला आपटते. मुलांसाठी गुडघ्याएवढं पाणी, जीवरक्षक असलेला किनारा आणि हाताच्या अंतरावर मोठं माणूस, एवढंच.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. आपल्यापैकी बहुतेकांना तो दिवस आठवत असेल. त्यानंतर शाळांच्या सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्याचा एक परिणाम मला खटकतो. शाळेने समुद्र टाळला, त्याबरोबर समुद्राबद्दल बोलणंही टाळलं. मुलं मात्र घरच्यांबरोबर जातातच. सहल नेता येत नसेल, धडा तर घेता येतो ना?

माझा आवडता धडा भरती-ओहोटीचा, कारण त्यात गणित आहे. कोकणातल्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे. आजची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळीही सहाच्या सुमाराला. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी बाराला आणि रात्री बाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. आजोबांच्या पिढीला पाऊणकी तोंडपाठ होती, त्यांना हे बोटांवर यायचं. आमच्या मुलांना अपूर्णांकांचा गुणाकार 'कशाला शिकायचा' हा प्रश्न पडतो, त्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

हे चालतं कसं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला रोज सुमारे पन्नास मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. पाऊण तास हा त्याचा सोपा अंदाज. ठोकताळाच तो, एखादा तास मागेपुढे होतो आणि जागेनुसारही बदलतो. त्यामुळे प्रत्यक्ष जाताना भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाईलवरचं वेळापत्रक बघायचं आणि गावातल्या कोळी बांधवांना विचारायचं. त्यांना विचारण्यात कमीपणा नाही, आपल्याकडे डोंगरात वाट विचारतो तसंच आहे हे.

वेळ कळली की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. ओहोटी लागली की पाण्याची ओढ आत असते. खाडीच्या तोंडाशी तर फारच, कारण अख्ख्या खाडीत भरलेलं पाणी त्या चिंचोळ्या मुखातून बाहेर पडत असतं. मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचं छोटं बेट आहे, त्सुनामी आयलंड म्हणून प्रसिद्ध. होडीने जायचं, वाळूवर उतरायचं, फोटो काढायचे. बेट म्हटलं की मुलांना वाटतं चहूकडून सारखंच पाणी. पण नदी आणि समुद्र भेटतात तिथं वाळू जागा बदलते, खोली बदलते आणि ओहोटीत पाणी पळतं. तिथं पोहायचं नाही, होडीवाल्याने सांगितलेल्या वेळेत परत फिरायचं. हरिहरेश्वरला देवळामागचा खडकातला प्रदक्षिणेचा मार्ग तर ओहोटीच्या वेळीच चालता येतो. भरतीत लाट थेट त्या खडकांवर येते.

तंबूचंही तसंच. दिवेआगर, काशीद, नागाव अशा किनाऱ्यांवर हल्ली तंबूत राहायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. दुपारी ओहोटीच्या वेळी पोचलेल्या माणसाला लांबपर्यंत वाळूच वाळू दिसते आणि वाटतं, पाण्याच्या जवळ लावू. रात्री पाणी अंथरुणात. किनाऱ्यावर नीट बघितलं तर सुकलेल्या शेवाळाची, शिंपल्यांची, काटक्यांची एक आडवी रेघ दिसते. ती मागच्या भरतीने काढलेली असते. तंबू तिच्या बराच वर लावायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी त्या रेघेच्याही वर येतं, तेव्हा आणखी मागे. नारळाच्या झाडाखाली तंबू लावू नका, कारण सांगायला नको. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. हे आमच्या डोंगरातल्या तंबूंनाही लागू, उलट जास्तच.

आता आमच्या घरच्या पाण्याकडे येते. वरसगावच्या फुगवट्यात लाटा नाहीत, भरती नाही, मग भीती कसली असं पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटतं. धरण म्हणजे तलाव नव्हे, पाण्याखाली गेलेलं खोरं आहे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं होती, त्यांचे बांध होते, झाडं होती, ती सगळी खाली आहेत. काठावरून चालत आत जाणाऱ्याला कमरेएवढं पाणी लागतं, आणखी दोन पावलं तसंच, आणि पुढच्या पावलाला बांध संपतो. पाणी एकदम डोक्यावर! वरून पाहताना यातलं काही दिसत नाही. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं, मे महिन्यात पाणी कितीतरी खाली गेलेलं असतं. म्हणून मागच्या वेळी इथं उथळ होतं ही आठवण निरुपयोगी. त्यात गाळ. पाणी उतरल्यावर वरून कोरडा, भेगाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट असतं आणि पुरुषभर खाली गेलं की अंगावर काटा येईल एवढं गार. सूर मारणाऱ्याचा श्वास तिथं एकदम अडकतो. आणि खाली बुंधा आहे की दगड, हे माहीत नसलेल्या पाण्यात सूर मारायचाच कशाला?

आणखी एक फरक आहे, तो मुलांना प्रयोगातून दाखवा. साध्या पाण्यात अंडं बुडतं, भरपूर मीठ घातलं की वर येतं. समुद्रात मीठ त्या ग्लासाइतकं नसतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, तरी माणूस त्यात थोडा जास्त तरंगतो. समुद्रात किंवा एखाद्या रिसॉर्टच्या तलावात तरंगायला जमलं म्हणून धरणाच्या गोड्या, खोल पाण्यात जमेलच असं नाही. मुळात जलाशयात पोहायला बंदी असल्याच्या पाट्या जागोजागी असतात. आम्ही त्या पाट्यांच्या भाषेवर शुद्धलेखनाचा तास घेतो, पाळायला मात्र शिकवत नाही!

धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तंबू लावणं हा तर निव्वळ वेडेपणा. आकाश निरभ्र असतानाही वरून पाणी सोडलं जाऊ शकतं. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं ते आमच्या मुळशी धरणाच्याच पाण्यावर. ते पाणी भिरा इथं वीज करून खाली सोडतात आणि तासाभरात नदीचं रूप पालटतं. तिथले लोक त्या वेळा पाहून वागतात, आगंतुकाला त्या माहीत नसतात.

शांत पाण्याचं आणखी एक उदाहरण लांबचं आहे, पण आपली मराठी मंडळी तिथं खूप जातात. सेल्युलर जेल पाहायला अंदमानला गेलेली बरीच कुटुंबं पुढे हॅवलॉक म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला राधानगर किनाऱ्यावर जातात. तिथं काही ठिकाणी मगरींबद्दल सूचना देणाऱ्या पाट्या दिसतात. खाऱ्या पाण्यातली मगर लाटांत खेळत बसत नाही. तिवरांजवळची खाडी, ओढ्याचं तोंड, खडकाआडचं संथ पाणी ही तिची जागा. २०१० मध्ये राधानगरजवळच्याच एका निवांत खाचेत एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला. तिथं पोहायचं तर जीवरक्षक सांगतील त्याच पट्ट्यात आणि अंधार पडायच्या आत.

पालकहो, आता जे सांगते ते कृपया दोनदा वाचा. बुडणारं मूल ओरडत नाही. सिनेमात हात वर करून 'वाचवा वाचवा' दाखवतात तसं सहसा घडत नाही. तोंड कसंबसं पाण्याच्या वर येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा की ओरडायचं? डोकं मागे झुकलेलं, डोळे काचेसारखे, केस तोंडावर, हात पाण्यावर दाबल्यासारखे बाजूला. शिडी चढतोय असं वाटतं, पण पुढं सरकत नाही. हे सगळं वीस सेकंद ते एक मिनिट. फोनवर एक मेसेज लिहायला तेवढाच वेळ लागतो. दंगा करणारी, पाणी उडवणारी, किंचाळणारी पोरं ठीक असतात. गप्प झालेल्याकडे आधी बघा. म्हण इथंही लागू पडते बघा.

म्हणून पाण्याकाठी चार मोठी माणसं असली तर 'सगळेच बघताहेत' असं ठेवू नका. एकाचं नाव घेऊन पाळी लावा. अर्धा तास त्याने फक्त पोरं बघायची, फोन दुसऱ्याकडे. दारू प्यायलेल्या माणसाची पाळी लावायची नाही, आणि त्याला पाण्यातही उतरू द्यायचं नाही.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. बुडणारा माणूस मिळेल त्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. दोर, ओढणी, साडी, लांब काठी टाका. पाण्याचा रिकामा कॅन, रिकामी कळशी, फुगवलेली ट्यूब फेका. मुलांना तर सांगायचं की तुम्ही फक्त ओरडायचं आणि काहीतरी तरंगणारं फेकायचं. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे आपल्याकडचे प्रकार अजून दिसतात. त्यात जीव वाचवायची वेळ जाते. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, तीस दाबांनंतर दोन श्वास, आणि दरम्यान दुसऱ्याने १०८ लावायचा. आमच्या डोंगरात रेंज कुठं येते हे आधीच पाहून ठेवावं लागतं, तुमच्याकडेही बघा. हे वाचून येत नाही, हाताने करावं लागतं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला विनंती करून शाळेत एकदा दाखवून घ्या.

२५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये जाहीर केला आहे. आपल्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो, ओढे-नाले भरलेले असतात, मुलं शाळेत असतात. यंदा त्याच्या जवळच्या आनंददायी शनिवारी हा विषय घ्यायचा मी ठरवलं आहे. परातीत ओली वाळू घेऊन मधे बोटाने चर पाडायचा, एका बाजूने पाणी लोटायचं आणि परत जाताना ते कुठून जातं ते बघायचं. रंगीत पाणी घेतलं तर छान दिसतं. आम्ही एकदा हळदीचं घेतलं, मुलांचे शर्ट पिवळे झाले आणि दोन आया भांडायला आल्या. तुम्ही खडूची पूड वापरा.

त्या मुलाच्या वहीतलं 'छान' मी खोडलं नाही. त्याखाली एक प्रश्न लिहिला, 'तिथे लाटा का नव्हत्या?' वर्गात सगळ्यांनी मिळून उत्तर काढलं, ते त्याने वहीत लिहिलं आणि घरी वाचून दाखवलं. परवा त्याच्या आईचा मेसेज आला. 'बाई, नाताळाच्या सुट्टीत आम्ही दिवेआगरला चाललोय. पोचू त्या दिवशी एकादशी आहे. हा म्हणतो सव्वाआठला भरती आणि सव्वादोनला ओहोटी, त्यामुळे दुपारी पाण्यात जायचं नाही, वाळूत किल्ला करायचा. बरोबर आहे का?'

अकराची पाऊणपट सव्वाआठ. मी कळवलं, गणित बरोबर आहे, वेळ मात्र तिथं पोचल्यावर कोळ्यांना एकदा विचारा.